बावीस तोळ्यांची जोड

माझ्या वडिलांना दागिना दिसत नाही, वजन दिसतं. हे मी लहानपणापासून बघत आलेय. लग्नात नवी नवरी पाया पडायला आली की बाकीचे म्हातारे आशीर्वाद देतात. अण्णाही देतात, पण देताना त्यांची नजर तिच्या गळ्यावरून फिरते आणि परतीच्या वाटेवर गाडीत ते हळूच सांगतात, "गंठन साडेतीन तोळ्याचं हाय. सांगत्यात पाच." आणि ते कधी चुकत नाहीत, हेच अवघड आहे.

त्यांचा तरी काय दोष? विट्याच्या आसपासच्या आमच्या गावांतून घरटी एक माणूस बाहेरच्या राज्यात गलाईच्या धंद्यात असतो. सोनारांकडे जमलेली मोड, म्हणजे जुने, तुटके, लोकांनी विकलेले दागिने, भट्टीत वितळवून त्यातून शुद्ध सोनंचांदी वेगळी काढायची, ती गलाई. दक्षिणेतल्या एका गावात सोनारांच्या गल्लीच्या तोंडाला अण्णांचं दहा बाय दहाचं दुकान होतं. तिथे त्यांनी चाळीस वर्षं चांदी आटवली. आई इकडेच राहिली, सासू-सासरे, दोन म्हशी आणि थोडी जिरायत जमीन सांभाळत. अण्णा वर्षातून दोनदा यायचे, जत्रेला आणि दिवाळीला. त्यांच्या शर्टाला तेजाबाचा वास असायचा आणि तो जाईपर्यंत त्यांची परतायची वेळ झालेली असायची.

आता ते ऐंशीच्या जवळ आलेत. दुकान भाच्याला देऊन कायमचे गावी राहायला आले त्यालाही बरीच वर्षं झाली. मी मलकापुरात राहते, कराडच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. दर रविवारी गाडी काढून त्यांच्याकडे जाते.

मला एक खुळ आहे. परदेशातल्या लिलावांच्या साइटवर मी जुने नकाशे बघत बसते. विकत एकही घेतलेला नाही, नुसते बघते. दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहायला पैसे पडत नाहीत. मागल्या वर्षी असेच नकाशे बघताना खाली एक चांदीच्या दागिन्यांचा लिलाव दिसला. भारतातले, दख्खनचे, जुने. किमती बघून मी कपाळाला हात लावला आणि रविवारी गंमत म्हणून अण्णांना फोन दाखवला.

"बघा, तुमी जे आटवत बसला त्याला तिकडं काय भाव हाय."

माझी अपेक्षा होती की ते हसतील, नाहीतर "येडी माणसं" म्हणतील. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब केला, परत जवळ नेला. मग मला देऊन टाकला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

पुढच्या रविवारी मी चप्पल काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "ती चांदीची जोड इकली का गं?"

"कुठली?"

"दोनशे सत्तावन्न गिरामची."

फोटोखाली वर्णनाच्या अगदी शेवटी बारीक अक्षरात वजन लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही नव्हतं; लिलाव मात्र अजून व्हायचा होता. अण्णांच्या डोक्यात आठवडाभर तेच होतं.

आई चुलीपाशी होती. अण्णा मला गोठ्यामागे घेऊन गेले आणि दावं सोडल्याबांधल्यासारखं करत त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

आधी ते चुलत्यांच्या दुकानात नोकर होते. मग स्वतःची भट्टी टाकायची ठरली. आमच्या भावकीत अशी समजूत होती की नव्या भट्टीवर पहिली मूस, म्हणजे धातू आटवायचं भांडं, घरच्या चांदीची लावायची, परक्याच्या मोडीची नाही. घरात चांदी म्हणजे आईच्या दंडातल्या वाक्या. तिच्या आईने लग्नात घातलेल्या. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. अण्णांनी मागितल्या, आईने काढून दिल्या. दक्षिणेत जाऊन त्यांनी त्या मुशीत टाकल्या, आटवल्या, लगड पाडली, ती विकून दुकानाची सुरुवात केली.

"बावीस तोळं जोड हुती. जुना तोळा," अण्णा म्हणाले. "जुन्या तोळ्यानं बावीस म्हंजी दोनशे छप्पन आन् वर अर्धा-पाऊण. हितं दोनशे सत्तावन्न लिवलंय."

"अण्णा, तुमी ती आटवली. तीच कशी आसंल?"

"तीच न्हाई म्हनत. तसलीच हाय. तुज्या आईला द्यायची हाय मला."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आला तो राग. पन्नास वर्षं उशिरा? मला शाळेत घातलं तेव्हा हा माणूस नव्हता, आजीला पक्षाघात झाला तेव्हा नव्हता. आई एकटी बैलगाडीतून तिला दवाखान्यात घेऊन गेली तेव्हाही नव्हता. आता लिलावातनं वाकी आणणार. पण ते दाव्याची गाठ परत परत सोडून बांधत होते. मी म्हटलं, "बघू."

फोटो मोठा करून दाखवायला लागले तर म्हणाले, "फोटूत काय बघायचं? वजन परत वाच."

तिथेच मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मी पौंडाचे रुपये करत होते.

लिलाव आमच्याकडच्या संध्याकाळी सात वाजता होता. आईला दिवाबत्ती करून भजनाला जायचं होतं, ती गेली आणि आम्ही बापलेक ओसरीवर फोन उभा करून बसलो. नाव नोंदवणं, कार्ड, ओटीपी, सगळं मी आधीच उरकलं होतं. अण्णांनी आजचा चांदीचा भाव कागदावर लिहून घेतला होता, त्याला वजनाने गुणलं होतं, टंच कमी धरून थोडं वजा केलं होतं आणि खाली रेघ मारली होती. ती त्यांची हद्द. टंच म्हणजे धातूची शुद्धता. त्यांच्या जगात वजन गुणिले टंच एवढाच हिशोब होता, तिसरी गोष्ट नव्हती.

पहिल्या दोन बोलीतच ती हद्द मागे पडली.

"येडी हायती का ही?" अण्णा म्हणाले. "मोडीला एवढा भाव?"

"ती मोड समजत न्हाईत, अण्णा."

"मग काय समजत्यात?"

तेवढ्यात कुणीतरी आणखी वर गेलं. अण्णांनी कागदाकडे बघितलं, रेघेकडे बघितलं आणि कागद उलटा करून मांडीखाली घातला. "मार," म्हणाले. मी बटण दाबलं. परत कुणीतरी वर. "मार." असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. मी त्यांना न विचारताच दाबलं. पलीकडे कोण होतं कोण जाणे, ते थांबलं.

जोड आमची झाली. अण्णा उठले आणि पायात चपला घालून कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन आले. आई भजनातून परत आली तेव्हा दोघेही इतके गरीब चेहरे करून बसलो होतो की ती म्हणाली, "काय सांडलं का काय दुधाचं?"

आणि मग बिल आलं.

लिलावात बोललेली किंमत ही फक्त बोललेली किंमत असते हे मला ऐकून माहीत होतं, पण ऐकणं वेगळं. तिच्यावर लिलाव करणाऱ्या घराचं कमिशन, तेही घेणाऱ्याकडून. पॅकिंग करणारा वेगळा. पाठवणारा कुरिअर वेगळा. विमा वेगळा. अण्णांना मी एकेक ओळ वाचून दाखवत होते आणि ते प्रत्येक ओळीला "बरं" म्हणत होते. कुरिअरच्या ओळीला मात्र त्यांनी मला थांबवलं.

"चांदी पाव किलो. मग हितं अडीच किलो कशापायी?"

मी समजावलं. कुरिअरवाले वजन किंवा खोक्याचा आकार, यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. खोकं मोठं असलं आणि आत नुसता कागदाचा भुसा असला तरी जागा अडतेच, म्हणून त्या जागेचं वजन धरतात.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजी हवेचं वजन?"

"तसंच म्हणा."

"चाळीस वर्षं मी लोकांच्या दागिन्यातली लाख काढली, मळ काढला, खडं काढलं, आन् निव्वळ वजन धरलं. तोळ्याच्या शंभराव्या भागाला भांडलो. आन् ह्ये हवेचं पैसं घेत्यात?" बाकी सगळं त्यांनी मुकाट सोसलं, पण हवेचं पुढे कित्येक दिवस निघत होतं. चहात साखर कमी पडली तरी "हवा घातलीया का?" म्हणायचे.

पाठवण्याआधी तिकडून ईमेल आला. कस्टमच्या चिठ्ठीवर वस्तूचं वर्णन आणि मूल्य लिहायचं आहे, तुमची काही सूचना आहे का? मी माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याला विचारलं, त्याचा मेहुणा परदेशातून कॅमेऱ्याचे भाग मागवतो. तो म्हणाला, कमी किंमत लिहायला सांगा, भेटवस्तू म्हणून लिहा, सगळे तेच करतात. मी अण्णांना तसं सांगितलं. मला वाटलं होतं, हवेवर चिडलेला माणूस लगेच हो म्हणेल.

"खरं लिव म्हनावं," ते म्हणाले.

"कर लय बसंल."

"बसू दे. गलाईवाल्यानं टंच खोटा सांगितला की त्याच्या दारात परत कोन येत न्हाई. आता म्हातारपणी खोटं सांगू व्हय?"

मग जोड निघाली. मी भूगोल शिकवणारी, त्यामुळे ट्रॅकिंग बघणं हा माझा आवडता भाग. इंग्लंडातून निघालं, जर्मनीत उतरलं, तिथे अख्खा दिवस पडलं, मग आखातात, मग मुंबई. अण्णा रोज सकाळी फोन करायचे आणि "कशी हाईस" वगैरे न विचारता "कुटवर आली?" विचारायचे. पोरगी बाळंतपणाला माहेरी यायला निघावी तसं. आखातात आहे म्हटल्यावर म्हणाले, "उनाचं पॅकिंग बरं आसंल न्हवं?" चांदीला ऊन लागतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. हजारो मुशी लावलेल्या माणसाला ते माहीत असणारच होतं.

मुंबईत आल्यावर ती थांबली.

आठवडा गेला. मग कुरिअरच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला, मराठीच होत्या, आवाज दमलेला पण गोड. आधार पाठवा, पॅन पाठवा, पैसे भरल्याचा पुरावा पाठवा. पाठवलं. मग विचारलं, दागिना नवा आहे की जुना? जुना म्हटलं. जुना म्हणजे शंभर वर्षांच्या वरचा का? तसा असेल तर पुरातन वस्तू, तिला नियम वेगळा, पण दाखला लागेल. नसेल तर साधा चांदीचा दागिना आणि त्याला दागिन्याचा कर. लिलाववाल्यांच्या कागदावर फक्त "विसाव्या शतकाचा पूर्वार्ध" एवढंच होतं. त्या पूर्वार्धातल्या कुठल्या वर्षी कुणा सोनाराने ती घडवली, हे तिकडचेही सांगू शकत नव्हते, इकडचेही नाही, आणि मी तर नाहीच.

"मग दागिनाच धरावा लागेल, मॅडम," बाई म्हणाल्या.

कर नुसत्या किमतीवर नव्हता. किंमत, अधिक कमिशन, अधिक वाहतूक, अधिक विमा, या सगळ्याच्या बेरजेवर होता. म्हणजे त्या हवेवरसुद्धा. वर गोदामाचं भाडं होतं आणि आमचं उत्तर पोहोचेपर्यंत ते रोज चढत होतं. आकडा आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते, उघडलेला डबा मी तसाच बंद केला. जोडीच्या मूळ बोलीइतकी रक्कम आधीच वरखर्चात गेली होती, आता हा डोंगर.

मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर सरळ गावी गेले. रविवार नव्हता, त्यामुळे आई घाबरली. तिला काहीतरी थाप मारून मी अण्णांना परत गोठ्यामागे नेलं आणि स्पष्ट सांगितलं, "सोडून देऊ. गेलं ते गेलं. तेवढ्यात आईला विट्याच्या सोनाराकडनं नवी जोड हुईल, सोन्याचं काहीतरी हुईल."

त्यांनी म्हशीपुढची वैरण सारखी केली. मग म्हणाले, "सोडून दिली तर तिचं काय करत्यात?"

"मला काय माहीत."

"इचार की."

मी त्यांच्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. बाई म्हणाल्या की सोडवून नेलं नाही तर ठरलेल्या मुदतीनंतर माल सरकारजमा होतो, मग लिलाव वगैरे. "आणि चांदी असेल तर?" मी विचारलं. "चांदी-सोन्याचं वेगळं असतं, मॅडम. नक्की सांगता येणार नाही, पण वितळवायला पाठवतात असं मी ऐकलंय."

अण्णांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. म्हैस हलली नाही.

"भरून टाक," ते म्हणाले.

"अण्णा..."

"भरून टाक म्हनतो न्हवं. परत भट्टीत न्हाई जायची."

मी निम्मे देते म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. तिच्या अंगावरून मी काढलं, मीच भरणार, एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन ठेवपावती मोडली. त्या वेळी मात्र माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

चार दिवसांनी मलकापुरात माझ्या दारात खोकं आलं. खरंच, निम्मी हवाच होती. मी उघडलं नाही. अण्णांची सक्त ताकीद होती.

रविवारी त्यांनी ते परड्यात, आईची पाठ असताना उघडलं. कागदाचा भुसा, मग स्पंजाचा थर, मग मऊ कापड, आणि आत काळवंडलेली जोड. पहिल्यांदा त्यांनी काय केलं? काटा काढला. दुकानातला छोटा काटा त्यांनी अजून ठेवलाय. दोन्ही नग पारड्यात ठेवले, आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "दोनशे छप्पन आन् सहा," ते म्हणाले. "बावीस. बग. बरोब्बर बावीस."

आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. अण्णा तिच्यासमोर गेले आणि त्यांनी जोड तिच्या सुपात ठेवली, शेंगदाण्यांवर.

"आवं, ह्ये काय?" आई म्हणाली.

"तुजी वाकी."

"माजी वाकी? ती तुमी आटवली की."

"तसलीच आणलीया. परदेशातनं. पोरीला इचार. बावीस तोळं हाय."

आईने हात पदराला पुसले. एक नग उचलला, उन्हात धरला, फिरवला. मग सहज, जुन्या सवयीने, तो हातातून वर दंडाकडे सरकवला. तो कोपर ओलांडून सरळ खांद्यापर्यंत गेला आणि तिने हात खाली करताच खळ्ळकन सुपात पडला.

तिने परत उचलला. या वेळी आत बोट फिरवून बघितलं.

"आवं," ती म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, जसं काही कुणाचं चुकलेलं चारचौघांत सांगू नये, "ह्ये पायातलं हाय. तोडं हायती ही."

मला हसू यायला हवं होतं. एवढे समुद्र ओलांडून, एवढा कर भरून, दंडातल्या वाकीच्या जागी कुणा अनोळखी बाईच्या पायातले तोडे! लिलाववाल्यांनी "दंडात किंवा पायात घालायचा दागिना" असंच लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. अण्णांनी तर वजनाशिवाय काही बघितलंच नव्हतं. पण त्यांच्याकडे बघून हसू आलं नाही. ते त्या तोड्यांकडे अशा नजरेने बघत होते, जणू आता कुठे त्यांना कळत होतं की आईच्या वाक्या कशा दिसायच्या हे त्यांना आठवत नाही. वजन आठवत होतं. टंचसुद्धा आठवत असेल. रूप नाही. कारण ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"वजन करून बग हवं तर," ते म्हणाले.

"वजन बरोबर आसंल," आई म्हणाली. "वजनात तुमी कवा चुकला?"

टोमणा नव्हता तो. म्हणूनच तो जास्त लागला असणार.

मग आई तोडा हातात फिरवत आपल्याशीच बोलावी तशी बोलायला लागली. "माज्या वाकीला मोर हुतं. दोन तोंडं समोरासमोर, चोचीला चोच. मधी नागमोडी. उजव्या वाकीतल्या एका मोराचा डोळा बुजला हुता, माज्या आयनं घालतानाच तसा हुता. मी पोरगी हुतो, वाक्या आयच्या दंडात हुत्या, तवा त्यो डोळा काडीनं कोरत बसायची." ती थांबली. "तुमी नेल्या त्याच्यानंतर वरीसभर भाकरी थापताना हात हलका लागायचा. उगंच वर जायचा."

मी पन्नाशीला आलेय. माझ्या आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

"तू कवा बोलली न्हाईस," अण्णा म्हणाले.

"तुमी कवा इचारलं?"

ती परत शेंगा फोडायला लागली. दोन-चार फोडल्यावर तिने मान वर केली आणि अगदी व्यवहाराच्या आवाजात म्हणाली, "मग आसं करा. ही आटवा आन् तशी करून आना. मी सांगतो सोनाराला, मोर कसा काढायचा ते. आटवायला तर तुमाला कोनाला इचारायला नगं."

तोडगा सरळ होता. चांदी घरची, आटवणारा घरचा, वजन तेच. चाळीस वर्षांत अण्णांनी याहून अवघड कामं हसत केली होती. त्यांनी एक तोडा उचलला. मला वाटलं, टंच काढायला कसोटीचा दगड मागतील.

"न्हाई," ते म्हणाले.

"का?"

"एवढा कर भरला तो आटवायला व्हय?"

आई हसली. मीही हसले, खूप हसले, कारण इतके दिवस हसायचं राहिलं होतं. अण्णा नाही हसले. आई चहा टाकायला आत गेली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तोड्याची आतली बाजू दाखवली. एका जागी चांदी गुळगुळीत, पातळ झाली होती, नक्षी पुसून गेली होती.

"घोट्यानं झिजलीया," ते म्हणाले. "चालून चालून. आमी ह्याला घट म्हणायचो. घट एवढी, वजा एवढी. कोन चाललं त्ये कवा..." त्यांनी तोडा सुपात ठेवला, हळू, आवाज न होऊ देता.

त्यांनी आयुष्यात किती तोडे, वाक्या, साखळ्या, जोडवी मुशीत टाकली असतील याचा अंदाज मी एकदा करायला गेले आणि सोडून दिला. मला त्या दिवशी त्यांची माया आली, पहिल्यांदा, बाप म्हणून. उशिरा आली, पण आली. त्यावर किती कर बसला ते मी धरत नाही.

हे सगळं होऊन आता वर्ष झालं. तोडे आईकडेच आहेत. कस्टमची पावती तिने त्याच कापडात गुंडाळून ठेवलीय, कुणी विचारलं तर दाखवायला. तोडे बाहेर घालून जात नाही, म्हणते या वयात लोक हसतील. पण दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, की ओसरीवर पाय पसरून बसते आणि ते पायात घालते. चालत नाही, नुसती बसते. कधीतरी पाय हलवते, आवाज येतो. अण्णा शेजारी खाटेवर असतात.

आणि ते तिला विचारतात. रोज विचारतात. मोराला तुरा होता का? पिसारा होता की नुसती मान? मधली नागमोडी किती वळणांची? मागल्या रविवारी मी तिथे होते, तर ते मोराच्या मानेखालच्या फुलाबद्दल विचारत होते. आईने डोळे मिटून सांगितलं, पाच पाकळ्यांचं. आदल्या रविवारी माझ्यासमोरच तिने तीन सांगितल्या होत्या. मी अण्णांकडे बघितलं, तोळ्याच्या शंभराव्या भागाला भांडणाऱ्या माणसाकडे. त्यांनी मान हलवली आणि "पाच," म्हणाले. वाद घालायला त्यांच्याजवळ वजनाशिवाय काहीच नव्हतं.